अकरा अटी

४ मार्च

अकरा अटी. बोटांवर मोजल्या, मग परत मोजल्या. दहा बोटं पुरली नाहीत.

सकाळी जिल्हा कचेरीतून दोघं आले आणि बस टर्मिनलमागच्या आमच्या गल्लीत एकोणीसच्या एकोणीस गाड्यांवर एकेक कागद ठेवून गेले. हाम अध्यक्षांनी दुपारी सगळ्यांना गोळा करून तो मोठ्याने वाचून दाखवला. हे हाम भाजके चेस्टनट विकतात आणि कुणीही न निवडता आमचे अध्यक्ष झालेत. तर अटी – आरोग्याचा दाखला हवा. स्वच्छतेचा सहा तासांचा वर्ग, आणि त्यावर परीक्षा! गाडा कचेरीने ठरवलेल्या मापाचाच. ज्याच्या नावाने परवाना त्यानेच उभं राहायचं, गाडा भाड्याने द्यायचा नाही. नाव आणि फोटो दर्शनी भागावर लावायचा. नळ, सांडपाणी, गॅसची तपासणी, टोपी-हातमोजे. आणि शेवटी दोन अटी, ज्या ऐकताना सगळे माझ्याकडेच बघत होते: सोया सॉसची सामाईक वाटी बंद, आणि कालचा रस्सा आज वापरायचा नाही.

गाड्याच्या तपासणीत शंभरात ऐंशी गुण मिळाले तर परवाना. नाही मिळाले तर एक जुलैला गल्ली सोडायची.

परवाना! सव्वीस वर्षं मी इथे ओमुक विकतेय. माशाच्या पिठाच्या चपट्या वड्या, काडीला ओवलेल्या, गरम रश्श्यात. सव्वीस वर्षं माझा एक पाय पळायच्या तयारीत. चार वेळा गाडा उचलून नेला. एकदा तर उकळता रस्सा माझ्या डोळ्यांदेखत गटारात ओतला, तळाचे दोन डाव तेवढे मी वाचवले. तेव्हा "ए बाई, हट" म्हणणारे आता कागद आणून देतात आणि वाकून नमस्कार करतात.

मला तो परवाना हवाय. अकरा काय, एकवीस अटी घाला. मला एकदा त्या जागेवर दोन्ही पाय टेकून उभं राहायचंय.

५ मार्च

आमचे हे म्हणाले, "तू आणि परीक्षा? शाळेत तरी कधी पास झाली होतीस का?" पाठ धरल्यापासून हे घरी बसून रोज तीनशे काड्या ओवतात. आज चारशे ओवायला दिल्या.

११ मार्च

आरोग्य केंद्र. शेजारच्या गाड्यावरच्या बुनीताईंना बरोबर घेऊन गेले. त्या सत्तरीच्या, सुंदे विकतात – डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून केलेलं. चाळीस वर्षं विकतायत, पण डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवायचं म्हणजे पाचावर धारण.

छातीचा फोटो झाला, हात उलटसुलट करून बघितले. मग नर्सने दोघींना एकेक लांब कापसाची काडी दिली आणि स्वच्छतागृहाचं दार दाखवलं. स्वतःच घ्यायचं म्हणे. कुठून ते हळू आवाजात सांगितलं. मी ऐकलं, ताईंनी नाही. त्या पाच मिनिटांत हसतमुखाने बाहेर आल्या, म्हणाल्या, पार टाळूपर्यंत फिरवली, उलटी यायची राहिली. नर्सने दुसरी काडी दिली आणि या वेळी मोठ्याने सांगितलं. अख्ख्या रांगेने ऐकलं.

ताई लालबुंद. "चाळीस वर्षं लोकांना तोंडाने खाऊ घालतेय," म्हणाल्या, "आणि तपासणार तिकडून?"

परतीच्या बसमध्ये दोघी इतक्या हसलो की ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

१८ मार्च

दाखला आला. टायफॉईड नाही, क्षय नाही, त्वचारोग नाही. त्रेसष्ट वर्षांत माझ्यात काय काय नाही याची यादी कुणीतरी पहिल्यांदाच करून दिली. प्लॅस्टिकमध्ये घालून आरशाला लावलाय.

२ एप्रिल

स्वच्छतेचा वर्ग. सहा तास खुर्चीवर! गाड्यावर चौदा तास उभी राहते तेव्हा काही वाटत नाही, इथे तिसऱ्या तासाला कंबर बोलायला लागली.

शिकवायला ना आडनावाच्या मॅडम होत्या. कचेरीतल्या, तिशीच्याही नसतील, आवाज मात्र असा की मागच्या रांगेत डुलक्या घेणारे हाम अध्यक्षही ताठ बसले. थंड ते पाच अंशांच्या खाली, गरम ते साठच्या वर, मधलं सगळं जंतूंचं. हात तीस सेकंद. मग पडद्यावर एक फोटो दाखवला. सोया सॉसच्या सामाईक वाटीतला थेंब काचेच्या बशीत दोन दिवस ठेवला तर काय उगवतं ते! करडं, लव आलेलं. कुठल्या गाड्यावरची वाटी ते सांगितलं नाही. पण त्या वाटीच्या काठावरचा टवका मी ओळखला.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सव्वीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडल्याचं दाखवा. घरी येऊन यांना सांगितलं. हे काड्या ओवता ओवता म्हणाले, आजारी पडलेला माणूस परत कुठे येतो सांगायला?

यांच्याशी दोन तास बोलले नाही. मग विचार केला – लोक ओमुक चावतात, उरलेली काडी परत वाटीत बुडवतात. दिवसाला दोनशे तोंडं. खरं सांगायचं तर मी स्वतः त्या वाटीतलं कधी खाल्लेलं नाही.

परीक्षेत वीसपैकी अठरा! बुनीताईंना वाचता येत नाही, त्यांना तोंडी परीक्षेची परवानगी मिळाली. ती ना मॅडमकडे मागायला मीच गेले होते. गेला आठवडाभर कांदे चिरताना त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं: पाच, साठ, तीस. पास झाल्या.

१५ एप्रिल

वाटीचं एक वेळ मान्य. ब्रश आणला, सॉस ब्रशने लावायचा. पण रस्सा?

माझा रस्सा कधी संपत नाही. गाडा बंद करताना तळाशी दोन डाव ठेवायचे, सकाळी मुळा, सुकी मासळी, खेकड्याच्या नांग्या घालून त्यावर नवा चढवायचा. विरजणच ते. टर्मिनलच्या ड्रायव्हरांना रश्श्याची जी चव लागते ती आज सकाळची नाही, सव्वीस वर्षांची आहे. इतर ओमुकवाल्यांनी मसाले चोरून बघितले, कपात भरून घरी नेऊन बघितलं. जमलं नाही. कारण त्यांच्याकडे माझा कालचा दिवस नाही.

आणि ही ना मॅडम, कालची पोरगी, म्हणते, रोज गटारात ओता. तपासणी चोवीस तारखेला. काहीतरी युक्ती काढायला हवी.

२४ एप्रिल

नापास.

लिहायचंही मन नाही, पण लिहिते. यांचा स्टीलचा थर्मास घेतला. जवाचा चहा ठेवतात तो. त्यात कालचा रस्सा भरून गाड्याखाली ठेवला. वर पातेल्यात ताजा, दिसायला स्वच्छ, आरशासारखा. तपासणी झाली की ओतायचा आतला, कुणाला कळणार? गाडा तर इतका घासला होता की पत्र्यात तोंड दिसत होतं.

ना मॅडम आल्या. तापमान बघितलं – त्र्याहत्तर अंश, शाब्बास. ब्रश बघितला. नखं बघितली. कागदावर खुणा पडत होत्या, बरोबर, बरोबर, बरोबर. मी मनातल्या मनात गुण मोजत होते. ऊन होतं, मॅडमना घाम आला होता. शेजारून बुनीताई आल्या. बिचारीच्या मनात काही नाही, पाहुणा आला की विचारायचं एवढंच. म्हणाल्या, "उन्हातून आलात, चहा घ्या थोडा." आणि माझ्याच गाड्याखालचा थर्मास काढून कपात ओतला.

ओमुकचा रस्सा. काळपट, वाफाळता, वर एक मुळ्याचा तुकडा.

मॅडमनी कपात बघितलं. मग माझ्याकडे. मग जंतू मोजायच्या बोटाएवढ्या यंत्रात एक थेंब घातला. आकडा वर वर गेला आणि तिथेच राहिला. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. अठ्ठावन्न गुण. "आणखी एकच संधी, एकवीस मेला. त्या दिवशी चहा चहाच असू दे."

२५ एप्रिल

बुनीताई सकाळपासून रडतायत. मी त्यांच्यावर ओरडले. उद्या माफी मागेन. आज नाही.

३ मे

आज ओतला.

सव्वीस वर्षांचा रस्सा, दोन डाव, गटारात. यांना बरोबर बोलावलं होतं. कुणीतरी उभं हवं होतं. हे टोपी काढून उभे राहिले. मी म्हटलं, नाटकं बंद करा.

पहाटे चारला उठून नवा चढवला होता. मुळा दुप्पट, सुकी मासळी आधी कोरडी भाजून, खेकडा जास्त, समुद्री शेवाळ फक्त दहा मिनिटं, मग काढून टाकायचं. चव घेतली. बरी होती. नुसती बरी म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

सात वाजता उम ड्रायव्हर आले. अठरा वर्षं रोज, रात्रपाळी संपवून दोन काड्या आणि दोन कप रस्सा. मी पाठ फिरवून उभी. पहिला कप संपला. दुसरा संपला. तिसरा मागितला – तिसरा!

"मावशी, आज काय घातलंस?" म्हणाले. "हलका लागतोय. आधीचा जरा कडवट व्हायचा, मी काही बोललो नाही इतकं."

अठरा वर्षं काही बोलला नाही! आनंद व्हावा की कप डोक्यात घालावा ते कळेना. मग आनंदच झाला. दुपारपर्यंत पातेलं रिकामं.

१० मे

आता मीच पोलीस झालेय. एका कॉलेजच्या पोराने चावलेली काडी सॉसच्या भांड्याकडे नेली, त्याचा हात हवेतच धरला. म्हटलं, ब्रश आहे, ब्रश वापर, नाहीतर ना मॅडमचा फोटो दाखवते तुला. त्याला काय कळणार कसला फोटो. पण हात मागे घेतला.

बुनीताईंचा चिमटा रोज मी उकळून देते. माफीबिफी मागितली नाही, चिमटा उकळतेय. त्यांना कळलंय.

२१ मे

चौऱ्याण्णव!

चौऱ्याण्णव. परत लिहिते: चौऱ्याण्णव. अख्ख्या गल्लीत सगळ्यांत जास्त.

ना मॅडमनी पातेल्यात, झाकणाखाली, गाड्याखाली, सगळीकडे ते यंत्र फिरवलं. आकडा हललाच नाही. सहा गुण कापले ते टोपीतून केस बाहेर आल्याबद्दल. केसांवरून भांडायचं मनात आलं होतं, पण गप्प बसले. जाताना त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मालकीणबाई, दोन काड्या द्या. आता खाऊ शकते." तीन खाल्ल्या. काडी परत बुडवली नाही.

मालकीणबाई! कचेरीचं माणूस मला मालकीणबाई म्हणालं. घरी येऊन यांनाही तसंच म्हणायला लावलं. एकदा म्हणाले, मग म्हणाले आता मालकीणबाईंनी भात वाढावा.

१४ जून

बुनीताईंना एक्क्याऐंशी. जेमतेम! पण वरच. मॅडम म्हणाल्या, पाच, साठ, तीस हे त्यांना झोपेतही म्हणता येईल. दोघी गल्लीच्या मध्यावर एकमेकींचे हात धरून नाचलो. बसेसनी हॉर्न दिले, देऊ देत.

१ जुलै

एकोणीसपैकी चौदा उरलो. पाच गेले. दोघं गॅसच्या तपासणीत बसले नाहीत, एकजण दाखल्यात अडकला, एकीने गाडा भाड्याने दिल्याचं उघड झालं. आणि हाम अध्यक्ष. त्यांनी परीक्षाच दिली नाही. म्हणाले, माझ्या चेस्टनटना कसली आलीय परीक्षा, सालीत असतात. मी दोनदा समजावायला गेले होते, ऐकलं नाही. आज सकाळी त्यांची कढई टेम्पोत चढताना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण दुपारी नवा गाडा आला आणि विसरले, हेही खरं.

नवा गाडा! पोलादी, चारी कोपरे गोल, वर पट्ट्यापट्ट्यांचं छप्पर, आणि नळ. माझ्या जागेवर माझा नळ. दहादा उघडला, दहादा बंद केला. आणि समोर पाटी: माझा फोटो, खाली आडनावासकट कु मल-सुन, परवाना क्रमांक सात. सव्वीस वर्षं मी सगळ्यांची मावशी. उम ड्रायव्हरना माझं नाव आज कळलं. वाचून म्हणाले, मावशी, तुला नाव आहे होय!

नव्या गाड्यांची पूजा तर हवीच. सगळ्यांनी मिळून रिवाजाप्रमाणे डुकराचं शिर आणलं, हसरं, म्हणजे धंद्याला बरकत, चांगलं निवडून. पण ना मॅडम येणार होत्या, आणि शिजवलेलं मांस उघड्यावर तासभर ठेवायचं नाही हे तर परीक्षेत आलेलं. काय करावं? मीच सुचवलं. डुकराच्या शिराला पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळलं, कानासकट. चौदा जणांनी त्या गुंडाळलेल्या हसऱ्या तोंडाला साष्टांग नमस्कार घातले. चाकांवर तांदळाची दारू ओतली. ना मॅडम आल्या, शिराकडे बघितलं, ओठ चावले, आणि मग त्यांनीही वाकून नमस्कार केला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, शिर कितीला उकळलंत? म्हटलं, साठच्या वर.

८ ऑगस्ट

मरणाचा उकाडा. आज दुपारी गाड्यामागे स्टुलावर बसून जेवले. भात, काकडी, पडवळाची भाजी. कचेरीची फिरती गाडी समोरून गेली. जुन्या सवयीने अर्धी उभी राहिले. खिडकीतल्या माणसाने हात वर करून नमस्कार केला आणि गाडी पुढे गेली.

परत बसले. शेवटच्या शितापर्यंत सावकाश जेवले. असं जेवण मी जन्मात जेवले नव्हते.

१९ सप्टेंबर

न सांगता तपासणी. अठ्ठ्याण्णव! टोपीबाहेर एक केस दिसला तर नाव बदलेन.

आणि वर आणखी – शेजारच्या जिल्ह्यात पुढच्या वर्षी हीच योजना येतेय, तिथल्या गाडेवाल्यांसमोर बोलायला मला नेलं. मला! सभागृहात साठ-सत्तर माणसं, सगळी हातांची घडी घालून, डोळ्यांत तोच राग जो मार्चमध्ये आमच्या डोळ्यांत होता. थर्मासची गोष्ट सांगितली. हसले. मग सांगितलं, नियम म्हणजे कचेरीचा नाही, आपलाच. नियम पाळला की आपण चोर राहत नाही, मालक होतो. टाळ्या वाजल्या. एका म्हातारीने येऊन माझा हात धरला, सोडेचना.

गाडीतून परतताना ना मॅडम म्हणाल्या, हे तुम्ही कुठून शिकलात? म्हटलं, अठ्ठावन्न गुणांतून.

२६ ऑक्टोबर

थंडी पडायला लागली. रश्श्याला गर्दी.

गल्लीच्या टोकाला, पूर्वी हाम अध्यक्ष उभे राहायचे तिथे आज एक बाई दिसली. हातगाडीवर पत्र्याचा ड्रम, आत निखारे, आत रताळी भाजतायत. चाळिशीची असेल. नाव मी-रान. आधी लांबूनच बघत होती, मग माझी पाटी वाचली, नावाने हाक मारली – "मल-सुन ताई, इथे थोडे दिवस उभी राहिले तर चालेल का हो? तुम्ही परवानावाल्या, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं..." अर्ज केलाय का विचारलं. केला होता म्हणाली. चौदाच्या वर जागा नाहीत, पुन्हा कधी निघतील ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं.

मला विचारलं याचंच बरं वाटलं. म्हटलं, राहा की, माझं काय जातंय. तिने एक रताळं दिलं. आत मध भरल्यासारखं, बोटं चिकट झाली. अर्धं यांना नेलं.

३० ऑक्टोबर

मी-रानकडे रांग लागते. थंडीत हातात गरम रताळं धरायला कुणाला नको? उम ड्रायव्हर आज एकच कप रस्सा पिऊन तिकडे गेले. जाऊ देत बापडे.

पण हातमोजे नाहीत. टोपी नाही. आरोग्याचा दाखला नाही, ती काडी तिने घेतलेली नाही. दुपारी बादली घेऊन माझ्या नळावर आली. पाणी दिलं. तो नळ माझ्या परवान्यावर आहे, त्यातलं पाणी कुठे वापरलं ते उद्या मलाच विचारणार. बुनीताई म्हणाल्या, "सालीत असतं गं रताळं, साल तर खाणाराच काढतो." म्हटलं, ताई, परीक्षा विसरलात वाटतं. त्या सुंदे कापत राहिल्या.

मला राग नाही तिचा. नियम म्हणजे नियम एवढंच. मी सव्वीस वर्षांचा रस्सा गटारात ओतला, तो कशासाठी?

४ नोव्हेंबर

रताळ्यांचा ड्रम आज सकाळी दहाला उचलून नेला. तीन माणसं, पाच मिनिटं. निखारे रस्त्यावरच विझवले. मी-रान त्यांच्याशी भांडली नाही. माझ्याकडे बघत उभी होती, की ताई येतील, दोन शब्द बोलतील. मी रस्सा ढवळत राहिले.

फोन मी केला होता. पलीकडच्याने नाव विचारलं. नाही सांगितलं तरी चालतं म्हणाला. तरी सांगितलं – कु मल-सुन, परवाना क्रमांक सात.